उरुसाआधी बंद झालेली विहीर

सातारा सोडला तेव्हाच माझं डोकं फिरलेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात आईला तिचा जुना नवस आठवला आणि पिराला मलिदा (गूळ घालून कुस्करलेली पोळी) वाहायला तिनं मला जतकडे पिटाळलं. वडूजच्या पुढे हिरवं म्हणून काही दिसेना. एस.टी.च्या खिडकीतून धूळ आत येत होती.

दर्गा जतच्या पलीकडे, कानडी मुलखाला लागून. आसपासच्या गावांत पाणी उरलेली एकच विहीर त्याच्या आवारात होती. मुतवल्ली (दर्ग्याचे कारभारी) बाबालालचाचांनी ती सगळ्यांना खुली केली होती. माणसांची रांग वेगळी, मेंढरांची वेगळी. ओळख सांगून कुणी पुढे घुसायचं नाही. नमाजाआधी हातपाय धुवायलासुद्धा पाणी काढायचं नाही, असा दंडक. चाचा स्वतः कोरड्या मातीवर तळवे टेकून तोंडावरून फिरवीत. पाण्याची अडचण असली की धर्मात तशी मुभा आहे, म्हणाले.

उरूस तोंडावर आला होता. उरुसाला इथे हजारो लोकांचा लंगर (सगळ्यांसाठीचं जेवण) शिजतो. यंदा पाणी राखायला चाचांनी तो रद्द केला, म्हणून सांगलीहून विश्वस्त मंडळी मोटारीने येऊन बसली होती. मी मलिद्याचं ताट घेऊन ओसरीवरच अडकलो.

चाचांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा मान घालवला, लांबून आलेले भाविक उपाशी परतले तर दर्ग्याला कोण विचारील, असं विश्वस्तांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं, हेच वाईट. चाचा एवढंच म्हणाले, "लंगर फुडल्या साली हुईल. मेंढरं फुडल्या सालापातूर दम धरतील व्हय?"

विश्वस्तांनी तिथल्या तिथे निकाल लावला. चाचांकडून कारभार काढून घेतला आणि लंगरासाठी उरूस होईपर्यंत विहीर गावाला बंद केली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी पडलो परका. मलिदा ठेवून गप बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर परतीच्या गाडीची वाट बघत होतो. सरकारी टँकर आला, रांग लागली. शेवटी चाचा उभे, हातात घागर. एका धनगर बाईने त्यांना हात केला, "आवं चाचा, फुडं या की."

"न्हाई बाई. रांगंत ऱ्हायला मीच शिकवलं तुमास्नी."

त्यांची पाळी यायच्या आत टँकर रिकामा झाला. घागर तशीच खांद्यावर टाकून ते गावाकडे वळले.

घरी आल्यावर आईने विचारलं, नवस पोचला का नीट. पोचला म्हणालो. पुढचं तिला सांगवेना. एवढं मोठं देवस्थान कसं सांभाळायचं हे ज्या माणसाला कळत होतं, त्याच्या घरी त्या दिवशी प्यायला पाणी नव्हतं.