हवालदार काळोखे हलले का नाहीत

चाकणच्या एका कारखान्यात आमची सहा जणांची तुकडी तीन महिने होती. काम एकच: ड्रायव्हर नसलेल्या सामानगाडीची चाचणी. इनचार्ज मी, मेजर. आज माझी नातसुद्धा मला जुमानत नाही. तेव्हा माझ्या बुटांचा आवाज आला की माणसं चहा टाकून उभी राहत. या मेजरबाईंना वाटे, आदर आहे.

साडेसहाला रांगेत फॉलइन, सातला गाडीची पहिली फेरी. आमच्या डेपोत अवजड गाडीपुढे झेंडी घेऊन एक जण चालायचा. इथे ते काम हवालदार ज्ञानोबा काळोखेंचं. मावळातले, रिटायरमेंटला चौदा महिने राहिलेले. पहिल्याच आठवड्यात मी झेंडी बंद केली.

"गाडीला डोळे आहेत, काळोखे."

"डोळं हायती, मॅडम. पण चुकली तर इचारायचं कुणाला?"

"जळताय तुम्ही तिच्यावर."

सगळे हसले. माझा आवाज सगळ्यांत मोठा.

चालत्या माणसापासून गाडी दोन मीटर लांब राही. खांबाजवळून मात्र वीतभर अंतराने जाई. येताना टिंगटिंग वाजे.

शेवटच्या चाचणीला ब्रिगेडियरसाहेब आले. वेळ ११:१०. काळोखे मार्गाच्या कडेला उभे, गाडी त्यांच्या मागून येत होती, तिच्यावर लोखंडी पाइप लादलेले. साहेब जिप्सीतून उतरले. मी ऑर्डर दिली, "सावधान!"

सगळे ताठ. वॉकीटॉकीवर कंपनीचा इंजिनिअर बोलला, "मॅडम, स्क्रीनवर गाडीला काळोखे खांब म्हणून दिसतायत. थांबवू? ओव्हर."

गाडी थांबवायचं लाल बटण दाबलं की चाचणी नापास. तीही साहेबांसमोर.

"नेगेटिव्ह. तिला ठरवू दे. आउट."

वळणावर पाइप सरकून बाहेर आले होते. गाडीने वीतभर अंतर राखलं. पाइपांनी नाही.

११:४० ला दवाखान्यातून डॉक्टर बाहेर आले. काळोखे गेले होते.

चौकशीत इंजिनिअर म्हणाला, गाडीने शिकवलं तेच केलं. शिकवणारे म्हणाले, इतका स्थिर माणूस आम्ही तिला कधी दाखवलाच नव्हता. मी लिहिलं, "हवालदार मार्गाच्या कडेला उभे होते." ऑर्डरचा उल्लेख नाही, वॉकीटॉकीचाही नाही. इंजिनिअरही त्यावर गप्प राहिला. त्यालाही नोकरी होती. काळोखेंच्या नावावर 'स्वतःचा निष्काळजीपणा' लागला.

त्यांच्या पत्नी सुमनताईंनी विचारलं, "मॅडम, सायकलची घंटी वाजली तरी बाजूला व्हायचे. हलले का न्हाईत?"

"कारखान्यात गलका असतो, वहिनी. ऐकू आलं नसेल."

लगेच सुचलं मला. हुशार बाई.

यंदा पिंपळे सौदागरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आपोआप फिरून केर काढणारं यंत्र आलं. ते माझ्या पायाला घासून गेलं. नात म्हणाली, "आजी, हल ना जरा. टेबलाचा पाय समजतंय ते तुला."

त्या आठवड्यात मी नवं निवेदन लिहिलं. ऑर्डर, वेळ, वॉकीटॉकीवरचे शब्द. पाठवण्याआधी सुमनताईंना वाचून दाखवलं.

त्या म्हणाल्या, "म्हंजी ऐकू आलं व्हतं."

"हो."

त्यांनी चहा विचारला नाही. बरं केलं.

हवालदार ज्ञानोबा काळोखे पाठीमागची टिंगटिंग ऐकत ताठ उभे राहिले. 'विश्राम' म्हणायचं काम माझं होतं.