दहावा धडा

धारूरला आमचं भुसाराचं दुकान होतं. शेतकरी पोतं घेऊन आला की अप्पा, म्हणजे माझे वडील, तोंडाशी असलेला माल कधी बघत नसत. टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसायची, आतले दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि मगच भाव बोलायचा. "तोंडाशी तर सगळेच चांगलं ठेवतेत," असं ते म्हणत. मला त्यांची ती नळी फार आवडायची. त्यांचं बोलणं नेहमीच आवडायचं असं नाही.

मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. 'बसले' हे आपलं म्हणायचं. आईचे हातपाय संधिवाताने आखडलेले, त्यामुळे स्वैपाक, पाणी, तिला उठवणं-बसवणं, सगळं माझ्याकडेच होतं. त्याच सुमारास गावातल्या पतसंस्थेत कंप्युटर आले. ते बंद पडले की औरंगाबादहून माणूस येईपर्यंत नव्या नवरीसारखे झाकून ठेवलेले असत. तो माणूस यायचा, मागचं झाकण काढायचा, आतलं काहीतरी पुसून परत बसवायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. एवढं मला का येऊ नये, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते शिरलंच.

तेव्हा पेपर उघडला की कंप्युटरच्या जाहिरातीच जाहिराती. दुरुस्तीचा कोर्स पोस्टाने शिकवणाऱ्या दोन संस्थांची माहितीपत्रकं मी मागवली. एक गुळगुळीत आणि रंगीत. वर टाय लावलेला पोरगा बत्तिशी दाखवत होता. सगळं घरबसल्या, परीक्षासुद्धा घरबसल्या, वर एक बॅग फुकट. दुसरं पिवळट कागदावर, शाई फुटलेली. त्यात शेवटी एक ओळ होती : प्रात्यक्षिकासाठी महिनाभर औरंगाबादला हजर राहावे लागेल.

अप्पांनी दोन्ही वाचली आणि रंगीत पत्रक माझ्यापुढे सरकवलं.

"हे घे. घर सोडायची भानगड न्हाई."

"मशीनला हात न लावता दुरुस्ती शिकायची, अप्पा? हिरीत न उतरता पोहायला येतंय का कुणाला?"

"लई बोलू नको माय. तुझ्या आईला उठवून बसवायला दुसरं कोण हाय?"

ते खरं होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. त्याच रागात मी दोन्ही संस्थांना कार्डं टाकली : पहिला धडा नको, नमुन्याला दहावा पाठवा. डोकं माझं नव्हतं, अप्पांच्या नळीचं होतं.

रंगीतवाल्यांकडून उलट टपाली एक कॅलेंडर आलं आणि सोबत पहिलाच धडा, 'मानवी जीवनात संगणकाचे महत्त्व'. पिवळ्या कागदवाल्यांचं काहीच येईना. मी पोस्टमनला छळून छळून बेजार केलं. शेवटी एकदाचा त्यांचा दहावा धडा आला. मशीनचा पंखा फिरतो पण पडद्यावर काही दिसत नाही, तर आधी काय तपासायचं, मग काय, आणि कशालाही हात लावण्यापूर्वी वायर कशी काढायची, असलं सगळं त्यात होतं. निम्म्याहून जास्त माझ्या डोक्यावरून गेलं.

मी दोन्ही धडे दुकानात अप्पांच्या पुढ्यात ठेवले. गिऱ्हाईक ताटकळत उभं असताना त्यांनी चष्मा लावून ते चाळले.

"हे समजलं तुला?" त्यांनी पिवळा कागद वर धरला.

"न्हाई."

"आन् हे?"

"ते सगळं समजलं."

"मग जे आधीच समजतंय ते शिकायला पैसे कावून द्यायचे?"

बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. भस्म पुसलं जाईपर्यंत कपाळ चोळत राहिले. पिवळ्या कागदाचा माल त्यांनी स्वतः पारखला होता, आता आपल्याच तोंडाने त्याला हलका कसं म्हणणार? मी जिंकले होते, पण आनंद काही होईना. डोळ्यांपुढे आई येत होती. 'राहू द्या, रंगीतच घेते,' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मी ते म्हटलं नाही. मला जायचंच होतं.

 अप्पांनी गिऱ्हाइकाचं माप घातलं आणि पिवळा धडा घडी घालून माझ्या हातात दिला.

त्या संध्याकाळी ते दुकानातून लवकर घरी आले. पाण्याचा तांब्यासुद्धा कधी स्वतः भरून न घेतलेला हा माणूस बाह्या सारून पिठाच्या काथवटीपुढे मांडी घालून बसला. आई बाजेवरून बघतच राहिली.

"पाणी किती घालायचं, तेवढं सांग," ते तिला म्हणाले. "पोरगी औरंगाबादला जायच्या आत मला भाकर जमली पाह्यजे."