वीस कोयते

“वीस कोयते बाळगून होती म्हणे. ही बाई वसतिगृह सांभाळणार?”

मुलाखती घ्यायला पुण्याहून आलेले सर शेजारच्या मॅडमना हळूच म्हणाले. कोपऱ्यात टिपणं घ्यायला बसलेल्या मला ते ऐकू आलं. दाराबाहेर बाकावर बसलेल्या आक्कांना आलं नसावं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

अशी बाई तुम्हीही कुठेतरी पाहिली असेल. कागदोपत्री नुसती मदतनीस, पण तिच्यावाचून सगळं अडतं. शिरूर कासारच्या आमच्या वसतिगृहात ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं राहतात. मी तिथे कार्यालयात, आक्का हंगामापुरत्या मदतीला. आता त्या माजलगावला असतात, संस्थेच्या दुसऱ्या वसतिगृहात. पण आमच्याकडची मुलं भांडली की अजून त्यांचंच वाक्य म्हणतात, “मला इचारा ना. मी हाय की हितं.”

एकदा साबण चोरीला गेला म्हणून गुरुजी मुलांच्या पिशव्या उपसायला लागले. आक्का भाकरी अर्धी थापून तशाच आल्या. म्हणाल्या, पिशवीला काय इचारता, पोराला इचारा. साबण सापडला तो न्हाणीघरात, पार झिजलेला. आईबाप भेटायला येणार म्हणून एकानं आपला सदरा पुन्हा पुन्हा धुतला होता. आक्कांनी त्याला रागावल्यासारखं केलं आणि सदरा स्वतः वाळत घातला.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी बोलताना आधी मनात वाक्य जुळवते. आक्का ते बरोबर ओळखायच्या. “ताई, तुमी बोलता का चिठ्ठी वाचता?” असं विचारून स्वतःच हसायच्या. मीही हसायचे, आणि मग दिवसभर आणखी गप्प.

माजलगावला अधीक्षिकेची कायम जागा निघाली तेव्हा अर्ज ऑनलाइन, थेट पुण्याला करायचा होता. आक्का परस्पर बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आल्या. दुकानदारानं मोबाइल पुढे धरला, बोला म्हणाला, बाकी एआय लिहील. “माजं बोलनं सरंस्तोवर त्याचं लिवून बी झालं,” त्या कौतुकानं सांगत होत्या. इंग्रजीत होतं, लई देखणं दिसत होतं. वाचून दाखव म्हटलं तर दुकानदार म्हणाला, तुम्हाला काय करायचंय, पुण्याचे लोक वाचतील. आक्का तो अर्ज धाडूनही आल्या होत्या. नंतर भांडी विसळता विसळता त्या एकदम थांबल्या. “पण ताई, त्यात मी आसंन ना?”

कमरेचा पट्टा घट्ट करत पुढचं त्यांनीच सांगितलं. ही जागा मिळाली नाही तर पुन्हा ऊस. “आन् कमरेनं तर कवाच जवाब दिलाय.”

त्यांचा अर्ज मी पाहिला तो मुलाखतीच्या खोलीत, सरांच्या पुढ्यात. त्याआधीच्या तिन्ही उमेदवारांचे अर्ज मी सरांना वाचून दाखवले होते. तिन्हींची सुरुवात एकाच वाक्यानं होती. लहानपणापासून सेवेची प्रचंड तळमळ. आक्कांच्या अर्जातही तीच तळमळ होती. खाली लिहिलं होतं, इंग्रजी अस्खलित. आणि मग ते कोयते.

आक्का काय बोलल्या असतील ते मला लगेच कळलं. आमच्याकडे ऊस तोडणारं नवराबायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, त्यांनी वीस कोयत्यांची पोरं सांभाळली होती. मशीननं पोरं गाळली आणि हत्यारं ठेवली.

आक्का आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या. सरांनी इंग्रजीत विचारलं, स्वतःबद्दल सांगा. आक्कांनी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“इथे तर अस्खलित लिहिलंय,” सर मराठीत म्हणाले.

“म्या न्हाई लिवलं ते.”

“मग कोणी लिहिलं?”

“मशीननं.”

मॅडमना हसू आलं. सरांना नाही. सही आपली असेल तर मजकूरही आपलाच धरतात, असं त्यांनी शांतपणे समजावलं. खोटं लिहिणाऱ्याच्या हाती मुलं कशी द्यायची, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी अर्ज पालथा घातला आणि पुढच्या कागदाकडे हात नेला.

आक्कांचे ओठ हलले. “मला…” म्हणाल्या आणि थांबल्या. एरवी सगळ्यांना ऐकवायच्या ते वाक्य नेमकं तिथे पुरं झालं नाही. त्या उठायला लागल्या. एक हात कमरेवर गेला.

मी पेन खाली ठेवलं. मनात मी एक इंग्रजी वाक्य जुळवलं, अगदी शुद्ध. मग त्याचं मराठी केलं. दोन्ही बाहेर येईनात. सरांचा हात पुढच्या कागदावर पोचला होता, आणि मी उभी राहिलेय हे मला सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं.

“सर, कागद ऱ्हाऊ द्या,” मी म्हणाले. “त्यांनाच इचारा ना. त्या हायेत की हितं.”