दोन नंबरची सिस्टीम

बापूंनी माझं पत्रक टेबलावर ठेवलं, त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "कांबळे, हे टू म्हंजे दोन नंबरचंच न्हवं?"

"नाही बापू. ओएस टू. दुसरी आवृत्ती या अर्थानं टू."

"पहिली कुठं गेली मग?"

"पहिली अशी कुणी वापरत नाही आता."

"म्हंजे एक नंबरचं बंद केलं आन् दोन नंबरचं चालू ठिवलं," बापू म्हणाले आणि पत्रक घडी करून खिशात घातलं. बापू आमच्या सहकारी ग्राहक भांडाराचे व्हाइस चेअरमन. त्यांनी कागद खिशात घातला की तो कुठंतरी वापरला जाणार, हे भांडारात झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सांगलीत विश्रामबागच्या आमच्या मुख्य शाखेच्या भिंतीवर कागद चिकटला. ठळक अक्षरात एकच ओळ. "सभासदांनो, संस्थेला एक नंबर पाहिजे की दोन नंबर?"

मी पत्रकबाज माणूस. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या पायरीवर बसून स्टेन्सिल कापायला शिकलो, कॉलेजात फी-वाढीपासून वसतिगृहातल्या डाळीपर्यंत सगळ्यावर पत्रकं काढली. तो कागद बघून मला राग आला. त्याहून जास्त राग आला तो ओळ चांगली होती म्हणून.

आता मूळ प्रकरण सांगतो.

साल पंचाण्णव. भांडारात मी ईडीपी इन्चार्ज, म्हणजे कॉम्प्युटरचं काय ते बघणारा माणूस. मालाचा साठा, बिलं आणि मराठी लेबलं एवढं काम डॉसवर चालायचं. डॉस म्हणजे काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. नवीन मशिनं घ्यायची ठरली, तेव्हा त्यांवर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची हा प्रश्न आला. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. कीबोर्डचं कोण ऐकणार, प्रिंटरकडे कोण जाणार, कुणाला किती जागा, हे तो ठरवतो. कारभारी गडबडला की घर बंद.

असे दोन कारभारी तेव्हा भांडत होते. एक ओएस टू. बाजारात आलेला होता, फ्लॉपींची चळत घेऊन यायचा, टाकायला अख्खी दुपार लागायची. पण एकदा बसला की बसला. एकीकडे फ्लॉपी फॉरमॅट होतेय, दुसरीकडे बिल छापलं जातंय, तरी तो घाम पुसत नाही. दुसरी नवी विंडोज. ती अजून यायची होती. कंपनीनं तिचं टोपणनाव शिकागो ठेवलं होतं आणि तारीख पुढं पुढं जात होती. आमचे चेअरमन मगदूम आण्णा म्हणाले, "शिकागोवनं यायची म्हटल्यावर वेळ लागणारच की."

आलेली आणि न आलेली यांची तुलना करणं मला अन्यायाचं वाटत होतं. न आलेली कधी हँग होत नाही.

तरी मी रीत पाळली. मॅनेजर घोरपडे साहेबांच्या सहीनं एक परिपत्रक काढलं. "कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनी कोणती सिस्टीम हवी याबाबत आपले मत आठ दिवसांत कळवावे." वापरणारी माणसं तीन. त्यांच्याकडे मी आधीच जाऊन आलो होतो.

विश्रामबागच्या शैला माने म्हणाल्या, "सर, नव्यात सगळं माउसनं करायचं म्हणे. मग बोटं कशाला शिकवली आम्हाला?"

माधवनगर शाखेच्या सुतारनं खाली बघत विचारलं, "त्या तुमच्या टूमध्ये खेळायचे पत्ते हायत का?"

"आहेत."

"मग माझी काय हरकत न्हाई."

तिसऱ्या होत्या साठा बघणाऱ्या कुलकर्णी बाई. त्यांच्या पुण्याच्या मामेभावानं सांगितलं होतं, थांबा. काय आल्यावर निघायचं ते त्यानं सांगितलं नव्हतं.

ही तीन मतं. कच्ची होती, पण मतं होती. मला वाटलं, यातून काहीतरी हाती लागेल. मी माझं पत्रक लिहिलं, ओएस टू का हवी, याची कारणं घातली आणि ते संचालकांमध्ये वाटलं. पत्रकाच्या शेवटी मागणी ठेवली. दोन मशीनवर दोन सिस्टीम टाका, तिघांना आठवडाभर वापरू द्या आणि मग ठरवा. यात चुकीचं काय होतं, ते मला आजही कुणी दाखवून द्यावं.

पण परिपत्रक भांडारभर फिरलं आणि त्यातला एकच शब्द लोकांनी वाचला. मत. आमच्या जिल्ह्यात मत म्हटलं की माणूस विचार करायला लागत नाही, उमेदवार कोण ते विचारतो.

संध्याकाळपर्यंत दोन पॅनेल पडली. मला आण्णांनी नोकरीला लावलं, म्हणून ओएस टू आण्णांचं. ओएस टू आण्णांचं, म्हणून विंडोज बापूंचं. आण्णांचा हळदीचा व्यापार, बापूंचा द्राक्षांचा. दोघांनीही कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल टाकलेलं नव्हतं, कारण तिथं चपला काढाव्या लागायच्या.

खिडकी बापूंची निशाणी झाली, ती आपोआपच. आण्णांनी मला बोलावलं. "कांबळे, त्यांनी दोन नंबर काढलाय. तू गप बसलास व्हय रं?"

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. रात्रीची वाट न बघता तिथंच बसून लिहिलं. "संस्थेत दारानं या, खिडकीनं नको." आण्णांना ते इतकं आवडलं की आमची निशाणी दार झाली. बापूंच्या मेहुण्याची नेमणूक कशी झाली होती हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे ओळ लागली. ऑपरेटिंग सिस्टीमचा त्यात एक शब्द नव्हता, हे दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. लक्षात आल्यावर मी आण्णांना म्हणालो, "पुढच्या पत्रकात मल्टिटास्किंगवर लिहितो. म्हणजे एका वेळी अनेक कामं."

"नको. लोक म्हणतील, एका माणसाला चार पदं."

रीतसर मतदान घ्यायचं ठरलं, मग मतदार कोण, यावरून वाद लागला. मी म्हणालो, वापरणारे तीन. जत शाखेचे बिराजदार खास एस्टीनं आले. जतला कॉम्प्युटर नव्हता. तिकडं पाण्याचा टँकर वेळेवर आला तरी बातमी व्हायची.

"लेबलं हिकडनं छापून येतात का न्हाई?" बिराजदार म्हणाले.

"येतात."

"मग आमी त्याचा कागद वापरतो की री. वापरणारेच झालो."

जतचा सगळा स्टाफ मतदार झाला. त्यावर रखवालदार पुढं आला. कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप तोच लावायचा. त्याला कसं डावलणार? मग ड्रायव्हर, मग हमाल. शेवटी कॉम्प्युटर वापरणारे इतके झाले की तेवढे आख्ख्या सांगलीत नसावेत.

प्रचार रंगला. बिराजदारांना मी प्रामाणिकपणे समजावत होतो की ओएस टूमध्ये एक प्रोग्रॅम बंद पडला तर दुसरा चालू राहतो.

"आन् खिडकीत?"

"जुन्या खिडकीत एक पडला की सगळे पडतात. नव्यात काय होईल ते आल्यावर कळेल."

"म्हंजे बापूंच्या पॅनेलसारखंच की," बिराजदार म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारून बापूंच्या जीपमध्ये जाऊन बसले.

गंमत इथवर ठीक होती. मग बापूंनी मला बाजूला घेतलं.

"कांबळे, तू हुशार हायस. खिडकी आली की माझा पुतण्या राजेंद्र इन्चार्ज होईल. त्यानं पुण्यात कोर्स केलाय. तू जतला जा."

"जतला कॉम्प्युटर नाही बापू."

"म्हणूनच म्हणतोय. तुला तरास नको."

घरी आई आणि कॉलेजात जाणारी बहीण. त्यांना सोडून जतला जायचं आणि तिथं साबणाच्या पेट्या उतरवून घ्यायच्या. जे काम मी खस्ता खाऊन शिकलो, ते हातातून जाणार होतं. आता मला ओएस टू जिंकायला हवी होती आणि माझी कारणं सगळी खरी असूनही ती आता माझ्या पोटासाठीची वाटणार होती. याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

मतदानाच्या आदल्या दिवशी आण्णांच्या खोलीत दोन्ही पॅनेल बसली. मधे भडंगाचं ताट. मला माहिती द्यायला बोलावलं होतं, पण माहिती कुणी विचारली नाही. अर्धं ताट संपेपर्यंत सगळं मिटलं होतं. निवडणूक बिनविरोध. विंडोज येईपर्यंत ओएस टू, आली की विंडोज. म्हणजे चेअरमनपदाची वाटून घेतात तशी मुदत वाटून घेतली. वाटणीत मीही होतो. आधी कांबळे, नंतर राजेंद्र, आणि कांबळे जतला.

"आण्णा, पण कुठली चांगली हे बघायचं राहिलं," मी म्हणालो. "तिघांनी आठवडाभर वापरून ठरवू."

आण्णांनी भडंगातला शेंगदाणा शोधून तोंडात टाकला. "वापरून ठरवायचं आसतं तर निवडणुका कशाला घ्याव्या लागल्या आसत्या?"

ओएस टू बसवली. चांगली चालली. शैला मानेंनी त्यात डॉसची चौकट उघडली आणि त्या काळ्या पडद्यावर पहिल्यासारखंच काम करायला लागल्या. सुतारचे पत्तेही चालू झाले. कुणाला बदल झाला आहे असं वाटलं नाही. माझ्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते, पण तिचं पत्रक काढता येत नाही.

काही महिन्यांत विंडोज आली. मासिकात फोटो, पेपरात फोटो. बापू राजेंद्रला आणि एका नव्या कोऱ्या सीडीला घेऊन आले. सीडी बघायला सगळे जमले, कारण सीडी ड्राइव्ह भांडारात नव्हता.

"आण्णा, ठरल्याप्रमाणं," बापू म्हणाले.

"बघू की," आण्णा म्हणाले. "चाललंय बरं. कशाला हालवायचं?"

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बापू, पुन्हा बघू की. माझ्या ओळखीचं होतं हे. मुदत वाटून घेतलेला पहिला माणूस आमच्याकडे कधी वेळेवर राजीनामा देत नाही. त्याची तब्येत बिघडते, दौरे निघतात, अधिक महिना येतो. आण्णा आता ओएस टूच्या वतीनं तेच करत होते.

माझा फायदा होता. जत टळत होतं. आवडती सिस्टीम राहत होती. शैला माने म्हणाल्या, "सर, देव पावला."

मला मात्र झोप लागेना. खुर्ची न सोडणाऱ्यांविरुद्ध कॉलेजात मी जी पत्रकं काढली, ती सगळी आठवायला लागली. एका सकाळी नोटीस बोर्डावर मीच कागद लावला. "दिलेला शब्द पाळा. ठरलेली मुदत संपली आहे. वापरून बघायची हिंमत नसेल तर निदान ठरल्याप्रमाणे वागा." खाली माझं नाव.

शैला मानेंनी तो दोनदा वाचला. "सर, माणसं बदली रद्द करायला पत्रक काढतात. तुम्ही व्हावी म्हणून काढलंय."

दुपारी आण्णांनी बोलावलं. कागद त्यांच्या पुढ्यात होता. बापूही बसले होते.

"तुला जतला जायचंय?" आण्णांनी विचारलं.

"नाही."

"खिडकी चांगली वाटती?"

"नाही. आहे त्या मशीनवर ती रांगेल. रॅम वाढवावी लागेल."

"मग हे काय?"

"तुम्ही शब्द दिला होता."

आण्णा बापूंकडं बघून म्हणाले, "हे पोरगं आपल्या दोघांच्याबी कामाचं न्हाई."

बापूंनी मान हलवली. भडंगाच्या ताटानंतर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. आण्णांनी माझा कागद घडी करून बाजूला सारला. मग म्हणाले, "बापू, तुमची खिडकी हितं बसवा. राजेंद्र बसू दे. आन् कांबळे, तुझा टू तू घिऊन जा."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? जतला."

बापूंना हरकत नव्हती. दोन नंबरचं मुख्य शाखेतून जात होतं. आण्णांना हरकत नव्हती. ओएस टू संस्थेत राहत होती, म्हणजे ते हरले नव्हते. घोरपडे साहेबांनी दुसऱ्या दिवशी आदेश काढला. तो माझ्याकडे अजून आहे. "श्री. कांबळे व ओएस टू यांची जत शाखेत बदली करण्यात येत आहे. दोघांनी तात्काळ रुजू व्हावे."

मशीन साबणाच्या खोक्यांमध्ये बसून टेम्पोनं आलं, मी एस्टीनं. बिराजदारांनी चपला बाहेर काढून त्याला हळदीकुंकू लावलं आणि मॉनिटरच्या जाळीतून थोडं आतही सांडलं. आता लेबलं जतमध्येच छापली जातात. आई महिन्यातून एकदा येते आणि टँकर कधी येतो ते विचारते. मुख्य शाखेत शैला माने विंडोजमध्ये डॉसची चौकट उघडतात आणि काळ्या पडद्यावर काम करतात. राजेंद्र रॅम वाढवून मागतोय. बघू की, असं उत्तर येतं.

दोनपैकी कुठली सिस्टीम चांगली, ते मी आजही कारणांसह सांगू शकतो. अजून कुणी विचारलेलं नाही. धडा म्हणाल तर एवढाच. संस्थेत एखादी नवी गोष्ट आणायची असेल, तर तिची बदली कुठल्या शाखेत होऊ शकते ते आधी बघून यावं. तिथं निदान पंखा आणि अर्थिंग आहे का, तेवढं तरी.