शेपूट आखूड, लग्न दोनदा

खारकिव्हच्या त्या गल्लीत कुणाचंही लग्न असो, गळ्यात कॅमेरा अडकवून मोत्र्या हजर. आठवडाभर ती कारखान्यात कॅमेरे जुळवायची आणि रविवारी गल्लीला शहाणपण शिकवायची.

"अगं बायांनो, फिल्मचं शेपूट, ते पुढचं निमुळतं टोक, लांब कापा! आखूड ठेवलंत तर फटीत अडतं नि रिळावरून सुटतं. खालून सरळ सरकवा, उजवी चकती पिळा नि डावीवर डोळा ठेवा. ती गरगरली तर फिल्म चालली. नाहीतर काढा हवेचे फोटो!"

आणि मग तिच्याच धाकट्या बहिणीचं, यारीनाचं लग्न निघालं. बहिणीचे केस कुरळे करता करता मोत्र्यानं एका हातानं कचकन शेपूट कापलं, फिल्म कोंबली आणि पळाली अंगणात.

नवरदेवाची आई ओदार्का म्हणजे तिखटजाळ बाई. तिनं पाव-मीठ पुढं करून सुनेचं स्वागत केलं आणि चक्क तिचा मुका घेतला! "ताई, घेतलास ना फोटो? असा मुका पुन्हा जन्मात घ्यायची नाही ती!" यारीना कुजबुजली.

"घेतला गं!"

पाहुणे "कडू! कडू!" ओरडले. दारू गोड व्हायला नवरानवरीनं मुके घ्यायचे. मोत्र्या खटाखट बटण दाबत सुटली. एव्हाना संपायला हवी होती, पण फिल्म काही संपेना.

"काय फिल्म आहे गं, तुझ्या आईच्या सूपासारखी! संपतच नाही," नवरदेव पानास हसला.

मोत्र्याचं हसू तिथंच थिजलं. तिनं उजवी चकती पिळली. डावी ढिम्म.

"मेले मी! एकही फोटो आला नाही!"

यारीनाचे डोळे भरले. "म्हणजे सासूबाईंचा मुकाही?"

ओदार्का बाह्या सरसावून उठली. आता मोत्र्याची धडगत नव्हती.

"रडतेस काय, भवाने? कात्री आण! शेपूट लांब काप! आणि तो पाव कुठाय?"

पाव अर्धा खाऊन झाला होता. तोच तिनं पुढं केला आणि या खेपेला सुनेच्या दोन्ही गालांवर असे दणदणीत मुके घेतले की नवरीचा मुकुट कानावर आला. सगळे पुन्हा ओरडले, पुन्हा नाचले, पुन्हा प्याले.

मोत्र्या मात्र नवरीकडं बघतच नव्हती. "फिरतेय गं, फिरतेय!" ओरडत ती डाव्या चकतीबरोबर स्वतःही गरगरत होती.

यारीनाच्या भिंतीवर तो फोटो अजून आहे. जरा तिरका, पण मुका स्पष्ट.