मामांच्या टेबलावर बसलेला कॉम्प्युटर

शिरोलीच्या फौंड्रीतली, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यातली, नोकरी मला माझ्या मामांनी लावली. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मी पुण्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते आणि मालकांनी नुकताच एक कॉम्प्युटर घेतला होता. मामा तिथं प्लॅनिंग बघायचे. कुठला माल कधी ओतायचा, साचे कधी तयार हवेत, लोखंड किती मागवायचं, सगळं तेच ठरवायचे. ते मालकांना म्हणाले, "माझी भाची हाय. बघा तर एकदा."

मालकांनी मला काम दिलं ते हेच सगळं ठरवणारा प्रोग्रॅम लिहायचं.

कोर्समध्ये मी मशीन शॉपचं नियोजन शिकले होते. तिथं एकेक भाग या मशीनवरून त्या मशीनवर जातो, ज्याची घाई त्याचा नंबर आधी. फौंड्रीत तसं चालेना. मामा हसले. "अगं, भट्टी म्हंजे लेथ मशीन हाय व्हय? लोखंड वितळलं की थांबत न्हाय. एका जातीचं लोखंड लागणारे सगळे साचे एकदम मांडायला लागतात. मग ते पंपाचे असूद्यात, न्हायतर इंजिनाचे."

मग रोज जेवण झालं की मामा चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीत माझ्या शेजारी येऊन बसायचे. मी विचारायची, ते सांगायचे. त्यांनी सांगितलेलं पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं की खूश होऊन म्हणायचे, "आलं की गं!" हे सगळं यात उतरल्यावर तुम्ही काय करणार, असं विचारायचं एकदोनदा माझ्या ओठांवर आलं होतं. पण काम रंगात आलं होतं, आणि मला ते पुरं करायचं होतं.

प्रोग्रॅम चालला. अगदी चांगला चालला. मालकांनी मामांना पॅकिंगकडे पाठवलं आणि त्यांचं टेबल मला दिलं.

मी मालकांकडे गेले. "साहेब, मामांना प्लॅनिंगमध्येच राहू द्या."

"राहू दे की," ते म्हणाले. "काम काय देऊ? तूच सांग."

मी परत त्या टेबलापाशी येऊन बसले.

त्यानंतर मामा मला चारचौघांत 'मॅडम' म्हणायला लागले. "मॅडम, गाडी भरली." आवाजात कडवटपणा नसायचा. रविवारी ते पूर्वीसारखेच आमच्या घरी चहाला यायचे आणि आईला सांगायचे, "पोरीनं नाव काढलं." मी उगाच स्वयंपाकघरात काहीतरी शोधत राहायची.

पुढं त्यांनी ती नोकरी सोडली आणि उद्यमनगरातल्या एका लहान फौंड्रीत प्लॅनिंगला लागले. मला सुटल्यासारखं झालं. पण एका रविवारी ते आले आणि म्हणाले, "आमच्या मालकानं कॉम्प्युटर घेतलाय. तुझा तो प्रोग्रॅम बसवून दे आम्हांस्नी."

"तुमच्याकडं प्रत्येक नग वेगळा असतो, मामा. तिथं नाही चालायचा तो."

त्यांनी कप खाली ठेवला. "चालत न्हाय, का तुला चालवायचा न्हाय? माझी खुर्ची परत जाईल म्हणून भ्यालीस व्हय?"

मी तो कप उचलायला हात पुढं केला.

"मागच्या खेपंला शेजारी बसलो. आता म्होरं बसतो. शिकव मला."

मग दर रविवारी मी उद्यमनगरात जाऊन त्यांना शिकवू लागले. मामा एका बोटानं अक्षरं शोधायचे, चुकले की स्वतःलाच शिव्या घालायचे, पुन्हा सुरुवात करायचे. शिरोलीत इतके दिवस ते माझ्या शेजारी होते. कीबोर्ड त्यांच्याकडं सरकवावा, असं मला एकदाही सुचलं नव्हतं. त्यांना हे जमणार नाही, असं मी न विचारताच धरून चालले होते.

त्या लहान फौंड्रीच्या कामाला लागतील तसे बदल आम्ही दोघांनी मिळून केले. गुडघे साथ देईनासे होईपर्यंत मामांनीच तो कॉम्प्युटर चालवला. मी कधी गेले, की ते भट्टीवरच्या माणसांना हाक मारून सांगायचे, "ही आमची मास्तरीण! हिनंच शिकवलं मला." माणसं कौतुकानं माझ्याकडं बघायची. मामांना हे बोलायचं बंद करा म्हणून सांगावं, असं मला दर वेळी वाटायचं. पण ते इतक्या आनंदात असायचे, की मी नुसती हसून चहा घ्यायची.