हवालदारांची आठ उत्तरं

सनद मिळून दोन वर्षं झाली होती आणि माझ्याकडे अशील यायचे ते बहुतेक चुकून. नाशिकच्या कोर्टात माझ्या शेजारच्या टेबलावर एक ज्येष्ठ वकील बसायचे. त्यांच्याकडे ही गर्दी! नंबर लागेपर्यंत लोक माझ्या समोरच्या खुर्चीत टेकायचे, माझ्या माठातलं पाणी प्यायचे आणि उठून जायचे.

हवालदार असेच टेकले. सुरगाण्याकडचे, तोफखान्यातले. एकाहत्तरच्या लढाईत तोफेशेजारी स्फोट झाला, त्यात उजवा कान गेला आणि पुढच्या काही वर्षांत डावाही गेला. बायको बरोबर होती. तिचे ओठ त्यांना वाचता यायचे, बाकी जगाचे नाही. त्यामुळे बोलली ती.

"फेरतपासणीला बोलावलं व्हतं साहेब. डॉक्टरांनी विचारलं, सुनाई देता है? हे म्हनले, जी साहब. तकलीफ है? नाय साहब. समोर वर्दी आली का ह्यांचं येवढंच चालतं. अपंगाची पेन्शन बंद झाली."

सातपूरच्या एका कारखान्यात ते वॉचमन होते. मागे येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही, थोडक्यात वाचले, आणि मालकाने दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. म्हणजे सरकारी कागदावर कान धड, आणि कारखान्यात कान नाहीत म्हणून नोकरी नाही. ऐकून माझं डोकंच फिरलं. शेजारच्या टेबलाचा नंबर लागला तरी मी त्यांना उठू दिलं नाही.

अपील लिहिलं. काय इंग्रजी झोडलं म्हणून सांगू! तपासणी पुन्हा करण्याचा हुकूम आला तेव्हा मी तो बाररूममध्ये चार जणांना दाखवला, त्यातल्या दोघांना दोनदा.

इथपर्यंत ठीक होतं. इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण अंगात शहाणपण मावेना. हवालदार पुन्हा 'जी साहब' म्हणाले तर? मी एका माजी सैनिकाला गाठून तपासणीच्या मेडिकल बोर्डात काय काय विचारतात ते काढून घेतलं. आठ प्रश्न, ठरलेल्या क्रमाने. नंबर, हुद्दा, गाव, कधी लागलं, कुठं लागलं, कोणता कान, हल्ली काम काय, घरी कोण. आठ उत्तरं हिंदीत लिहून दिली आणि दोन रविवार घरी शिकवणी घेतली. डॉक्टरचं सोंग हवालदारांच्या बायकोने घेतलं. मी म्हटलं, "डॉक्टर खाली मान घालून लिहितात, ओठ दिसणार नाहीत. पेन थांबलं आणि मान वर झाली, की पुढचं उत्तर ठोकायचं." तिने ते त्यांना समजावलं. हवालदारांनी परेड बसवावी तशी उत्तरं बसवली.

लष्करी दवाखान्यातून ते बाहेर आले ते छाती काढूनच. "आठ का आठ बरोबर, वकीलसाहेब!" मला इतका आनंद झाला की सीबीएस बसस्टँडजवळ तिघांना मिसळ खाऊ घातली, वर स्वतःला एक जादा पाव.

दोन महिन्यांनी निकाल आला. समोरून विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं हा माणूस तत्काळ आणि अचूक उत्तर देतो. पाठीमागून बोललं की ऐकू येत नसल्याचं सोंग करतो. अर्ज नामंजूर.

अरे गाढवा! बहिऱ्या माणसाला फाडफाड उत्तरं द्यायला शिकवलंस आणि वर मिसळ खाल्लीस? आठवलं की अजून कानशिलं तापतात. दोन रविवारांत एकदाही माझ्या डोक्यात हे आलं नाही. वकील म्हणे!

हवालदारांची बायको त्या दिवशी एकटीच आली होती. मी तिला कागदात काय आहे ते सांगितलं, दोष माझा आहे हेही सांगितलं.

"सोंग?" ती म्हणाली. "ह्यांनी? साहेब, पेन्शन गेली तं गेली. पन सरकारनं ह्यांना सोंगाड्या म्हनलं, हे त्यांना कळता कामा नये. त्यानं मरतील ते."

त्या रात्री जेवण गेलं नाही. तो शब्द सरकारी कागदावरून पुसायचा तर एकच उपाय होता. मी प्रतिज्ञापत्र केलं, की उत्तरं मी पढवली, क्रम मी ठरवला, पेन थांबल्यावर बोलायचं हेही मीच शिकवलं; अर्जदाराला एकही प्रश्न ऐकू आलेला नाही. शेवटी विनंती केली, की हेच प्रश्न उलट क्रमाने विचारून पाहावेत. शेजारच्या ज्येष्ठ वकिलांनी ते वाचलं आणि चष्मा काढून पोट धरून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "सनदेवर येईल रे तुझ्या. पण सही कर." सही केली. पुढे वर्षभर बाररूममध्ये मला सगळे 'हेडमास्तर' म्हणायचे.

तिसऱ्या तपासणीला मी आणि हवालदारांची बायको बाहेर व्हरांड्यात बसलो. खिडकी उघडी होती. हवालदारांना मी उलट क्रमाचं काही सांगितलं नव्हतं. सांगून चालणारच नव्हतं.

"घर में कौन कौन है?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं. पेन थांबलं. हवालदारांनी सावधानमध्ये आपला नंबर ठणकावला.

"आजकल क्या काम करते हो?"

"हवालदार, साहब!"

"कौन से कान में तकलीफ है?"

"सुरगाणा, जिला नाशिक, साहब!"

आत हशा पिकला. आणि काय सांगू, मलाही हसू फुटलं. केस जिंकल्याचं हसू होतं ते, पण हसलो. शेजारी पाहिलं तर ती जमिनीकडे बघत बसली होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हवालदार बाहेर आले. "आठ का आठ, साहेब! ह्या टायमाला साहेब लोक लय खूश झाले. हसत व्हते सगळे."

पेन्शन सुरू झाली. सोंगाचा शेराही रद्द झाला. हुकूम आल्यावर दोघं नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची पिशवी घेऊन घरी आले. हवालदारांनी खुर्चीत बसण्याआधी मला कडक सॅल्यूट ठोकला. "तुम्ही शिकवलं म्हनून झालं, साहेब."

तो सॅल्यूट मला सोसवेना. मी कागद-पेन्सिल ओढली आणि लिहायला लागलो, 'हवालदार, मला माफ करा, त्या दिवशी तुमची उत्तरं' एवढं झालं आणि कागदावर तिचा हात आला.

"राहू द्या, साहेब," ती त्यांच्याकडे पाठ करून म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा कान नसल्यानं काही चांगलं झालं त्यांचं. ते तुमी काढून घेऊ नका."

"काय लिवतात साहेब?" हवालदारांनी विचारलं.

ती त्यांच्याकडे वळली. "च्या घेनार का, इचारत्यात."

"घेऊ की!" हवालदार म्हणाले. मी कागद घडी करून खिशात घातला आणि चहा टाकायला सांगायला आत गेलो.